मुलुंडहून चार पाने



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्या सरांकडे मी शाळेत तीन वर्षे विज्ञान शिकले. प्रयोगवहीत कुठलाही आकडा दिसला की सर त्यावर बोट ठेवत आणि विचारत, "हा कुठून आणलास?" पुस्तकातून आणला असेल तर पुस्तकाचे नाव आणि पान लिहायचे. शेजारणीच्या वहीतून आणला असेल तर शेजारणीचे नाव लिहायचे. शेजारणीचे नाव लिहिले तर सर रागवत नसत. न लिहिता उतरवला तर मात्र वही खिडकीतून खाली जाई, आणि आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता.

पुढे मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकले, उपनगरातल्या एका महाविद्यालयात तीस-बत्तीस वर्षे ते शिकवले, आणि निवृत्तीच्या सुमारास लक्षात आले की सरांच्या त्या प्रश्नावर आता जगभरात एक मोठा हिशेब उभा राहिला आहे. त्याला सायटेशन म्हणतात. आपण सोयीसाठी 'उल्लेख' म्हणू. एका शास्त्रज्ञाच्या निबंधाचा दुसऱ्याने संदर्भयादीत नामनिर्देश केला की पहिल्याच्या खात्यावर एक उल्लेख जमा. अलीकडे दरवर्षी वर्तमानपत्रांत बातमी येते की जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्याकडच्या अमुक प्राध्यापकांचा समावेश, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी उल्लेखांच्या आकड्यांवरून काढतात. फ्लेक्सवरच्या माणसांबद्दल मला आदरच आहे. फक्त फ्लेक्स बघताना मला दरवेळी मुलुंड आठवते. का आठवते, तेच आज सांगायचे आहे.

सुरुवात लोणच्यापासून करते. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांकडे जेवलेल्यांना गरमर ठाऊक असेल. बोटाएवढी, तपकिरी, गाजराच्या धाकट्या भावासारखी दिसणारी मुळे. कोल्हापूर-बेळगावकडची मंडळी याच मुळांना माईनमुळा म्हणतात आणि तिकडेही त्याचे लोणचेच घालतात. चव जराशी उग्र, तुरट. पहिल्या घासाला आवडत नाही, तिसऱ्याला सोडवत नाही. तुळशी-पुदिन्याच्या कुळातले हे झुडूप, जांभळट-निळ्या फुलांचे. याचे शास्त्रीय नाव बरीच वर्षे कोलिअस फोर्सकोली असे होते.

या नावात एक मेलेला तरुण आहे. पेटर फोर्सकोल हा लिनिअसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो वनस्पतितज्ज्ञ म्हणून गेला आणि १७६३ च्या जुलैत येमेनमध्ये तापाने गेला. वय एकतीस. स्वभावाने इतका हट्टी की लिनिअसने त्याचे नाव एका चिकट, चिवट रानटी झाडाला दिले आणि त्यापुढे 'अतिशय चिवट' असे विशेषण जोडले. गुरूने शिष्याला दिलेले हे प्रशस्तिपत्र मला फार आवडते. मोहिमेतली उरलेली माणसे मोखा बंदरातून जहाजाने निघाली ती थेट मुंबईला. त्यांचा चित्रकार आणि नोकर वाटेतच समुद्रात गेले, डॉक्टर १७६४ मध्ये इथे मुंबईत गेला. जिवंत राहिला तो एकटा कार्स्टन नीबूर. त्याने मुंबईतल्या मुक्कामात घारापुरीची लेणी मोजली, त्यांचे आराखडे काढले, मग पुष्कळ वर्षांनी घरी पोचला आणि १७७५ मध्ये मेलेल्या मित्राच्या टिपणांतून त्याचा वनस्पतिग्रंथ छापला, मित्राच्याच नावाने. स्वतःचे नाव वर घालायला कोणी हरकत घेतली नसती.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, नीबूर उतरला त्या बंदरापासून वीसेक मैलांवर, मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावर (जुन्या माणसांच्या तोंडी अजून आग्रा रोड) हेक्स्ट या जर्मन औषधकंपनीचे संशोधन केंद्र होते. फाटकाबाहेरून जाताना एवढेच कळे की इथे औषधे होतात. आत सत्तरच्या दशकात भारतीय औषधी वनस्पती पद्धतशीरपणे तपासण्याचे काम चालू होते. प्रमुख नोएल डिसूझा. त्यांच्या चमूत सुजाता भट, बी. एस. बाजवा, एच. डॉर्नाउअर हे रसायनतज्ज्ञ आणि ए. एन. दोहदवाला यांच्यासारखे औषधक्रियातज्ज्ञ.

हे काम कसे चालते ते थोडे सांगायला हवे, कारण उल्लेखांच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाही. मुळे वाळवायची, दळायची, द्रावकात भिजत घालायची. द्रावक उडवले की राहतो तो राळेसारखा चिकटा. त्यात शेकडो पदार्थ असतात. तो चिकटा प्राण्याला देऊन बघायचे की रक्तदाब उतरतो का, हृदयाचे आकुंचन जोरकस होते का. होत असेल तर त्याचे दोन भाग करायचे आणि पुन्हा बघायचे, कुठल्या भागात गुण आहे. त्याचे आणखी दोन. सिलिकाच्या नळ्यांतून थेंब थेंब उतरवायचे, शेकडो परीक्षानळ्या ओळीने लावायच्या, प्रत्येकीत काय उतरले ते पातळ थराच्या पट्टीवर तपासायचे. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे की हे काम म्हणजे गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या रात्री हरवलेले मूल शोधणे, फरक इतकाच की मुलाचा फोटो आपल्याकडे नाही. शेवटी एका नळीत पांढरे स्फटिक दिसतात. मग खरी डोकेदुखी सुरू होते, कारण ते आहे तरी काय?

मुलुंडच्या स्फटिकांचे सूत्र निघाले बावीस कार्बन, चौतीस हायड्रोजन, सात ऑक्सिजन. सांगाडा लॅब्डेन जातीचा, पण त्यावर ऑक्सिजनचे अणू असे जागोजागी बसलेले की अशी मांडणी फार कमी दिसते. आणि आठ कार्बन असे की ज्यांच्याभोवतीची रचना डावी असू शकते किंवा उजवी. आठ ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे कागदावर दोनशे छप्पन्न रेणू शक्य. त्यांतला एकच त्या मुळात होता. तो कोणता, हे सांगणारा निबंध १९७७ मध्ये 'टेट्राहेड्रॉन लेटर्स' या नियतकालिकात आला. लेखक भट, बाजवा, डॉर्नाउअर, डिसूझा आणि फेलहाबर. पाने चार: १६६९ ते १६७२. रेणूचे नाव फोर्सकोलिन.

त्या वर्षांत मी भांडुपला राहत होते. तेव्हा नाहूर स्टेशन नव्हते, त्यामुळे मुलुंड आमच्या पुढचेच स्टेशन. आणि फोर्सकोलिनबद्दल मी पहिल्यांदा वाचले ते काही वर्षांनी, फोर्टातल्या एका ग्रंथालयात, अमेरिकेत छापलेल्या पुस्तकात. त्या परिच्छेदात अमेरिकेतली संस्था होती, जर्मन कंपनी होती, मुलुंड नव्हते.

लखनौचीही इथे आठवण ठेवली पाहिजे. तिथल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत याच वनस्पतीवर, याच सुमारास, स्वतंत्रपणे काम चालू होते. त्यांनीही एक पदार्थ काढला, त्याला कोलिओनॉल असे नाव दिले आणि त्याची रचना १९७७ मध्येच छापली. ती मुलुंडच्या रचनेशी जुळत नव्हती. अणूंच्या अवकाशातल्या मांडणीत फरक होता. म्हणजे एकाच मुळात दोन जुळे भाऊ आहेत, की एकाच भावाचे दोन फोटो? आठ वर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने निबंध लिहून सांगितले की कोलिओनॉल आणि फोर्सकोलिन एकच.  आणि हिशेबाची गंमत अशी की ज्या निबंधाची रचना नंतर दुरुस्त करावी लागली त्यालाही उल्लेख मिळतातच. चूक दाखवायलाही उल्लेख करावा लागतो, आणि यंत्राला कौतुक आणि दुरुस्ती यांतला फरक कळत नाही.

आता हा रेणू जगभर का गेला, ते पाहू. त्यासाठी आपल्या सोसायटीचा पाण्याचा पंप डोळ्यांसमोर आणा. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या नळाला पाणी नाही. त्या सेक्रेटरीला फोन करतात. सेक्रेटरी वॉचमनला हाक मारतो. वॉचमन खाली जाऊन पंप चालू करतो आणि गच्चीवरची टाकी भरते. शरीरातल्या पेशीत अशीच साखळी आहे. ॲड्रेनलिनसारखे संप्रेरक म्हणजे काकूंचा फोन. पेशीच्या आवरणावर तो फोन उचलणारे प्रथिन म्हणजे सेक्रेटरी. जी-प्रथिन म्हणजे वॉचमन. पंप म्हणजे ॲडेनिलिल सायक्लेज नावाचे विकर आणि टाकीतले पाणी म्हणजे सायक्लिक एएमपी हा निरोप्या. हे पाणी शोधणाऱ्या अर्ल सदरलँडना १९७१ मध्ये नोबेल मिळाले. वॉचमन शोधणाऱ्या गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ मध्ये. नोबेल समितीला आमच्या सोसायटीच्या कमिटीपेक्षा वॉचमनची किंमत जास्त कळते, असे मी वर्गात म्हणत असे.

फोर्सकोलिन काय करते? काकू नको, सेक्रेटरी नको, वॉचमन नको. ते सरळ तळघरात उतरते आणि पंपाच्या स्टार्टरवर बोट ठेवते. १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील सीमन, पॅजेट आणि डॅली यांनी हे दाखवून दिले. हे जॉन डॅली म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या विषारी बेडकांच्या कातडीतली रसायने शोधणारे प्रसिद्ध गृहस्थ. त्याच वर्षी हेक्स्टच्या जर्मनीतील प्रयोगशाळेतून मेट्सगर आणि लिंडनर यांनीही हीच क्रिया नोंदवली. आणि जीवशास्त्रज्ञांची चांदी झाली. कारण पाणी येत नसेल तर दोष कुणाचा, सेक्रेटरीचा, वॉचमनचा की पंपाचा, हे आता ठरवता येऊ लागले. फोर्सकोलिन टाका. टाकी भरली तर पंप ठीक आहे, वरच्या साखळीत गडबड. इतकी साधी, इतकी उपयोगी कसोटी हाती आल्यावर हृदय, मेंदू, मूत्रपिंड, डोळा यांचा अभ्यास करणारे सगळेच ती वापरू लागले. थॉमस फॉयफर या जर्मन शास्त्रज्ञाने तर फोर्सकोलिन बारीक मण्यांना बांधून त्याचा गळ केला आणि त्या गळाने ते विकरच पेशींतून ओढून काढले. १९९७ मध्ये त्या विकराची स्फटिकरचना समोर आली तेव्हा त्याच्या फटीत फोर्सकोलिन बसलेले दिसले. २०१३ मध्ये चीनमधल्या देंग होंगकुई यांच्या गटाने केवळ रसायने वापरून उंदराच्या साध्या पेशींपासून मूलपेशी बनवल्या. त्या रसायनांच्या मिश्रणात हे आहेच.

औषध म्हणून मात्र ते कंपनीच्या अपेक्षेइतके धावले नाही. पाण्यात विरघळत नाही, आणि पंप एकाच घरात नसतो. ते सगळ्याच घरांतले पंप चालू करते. जपानमध्ये त्याचे पाण्यात विरघळणारे भावंड हृदयविकारासाठी बाजारात आले. बाकी जगात ते राहिले प्रयोगशाळेच्या कपाटात, छोट्या बाटलीत.

आणि इथे आपला हिशेब सुरू होतो. १९८१ च्या त्या अमेरिकी निबंधाचे उल्लेख हजारांच्या घरात आहेत. मुलुंडच्या चार पानांचे उल्लेख त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. यात कुणी कुणाची चोरी केलेली नाही, हे आधीच स्पष्ट करते. सीमन आणि डॅली यांचे काम मूलभूत आहे. मुद्दा वेगळा आहे. फोर्सकोलिन वापरून निबंध लिहिणारा जीवशास्त्रज्ञ 'ते काय करते' याचा उल्लेख करतो. 'ते काय आहे, कुठून आले' याच्यासाठी तो निबंधाच्या 'साहित्य' या भागात विक्रेत्या कंपनीचे नाव आणि कॅटलॉग क्रमांक लिहितो. सरांनी विचारले असते, कुठून आणलास, तर उत्तर येते: दुकानातून.

उल्लेखांची ही पद्धत मुळात कशासाठी निघाली, हे फार थोड्यांना आठवते. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला. गारफील्ड यांची पहिली पदवी रसायनशास्त्राचीच. कल्पना त्यांनी उचलली वकिलांकडून: एखाद्या निवाड्याचा पुढे कुठल्या निवाड्यांत आधार घेतला गेला, याच्या सूच्या अमेरिकी वकील वापरत असत. हेतू इतकाच की जुन्या निबंधाचा धागा धरून नवे निबंध सापडावेत. शोधणाऱ्याला वाट सापडावी म्हणून लावलेले ते मैलाचे दगड होते. पुढे लोकांनी ते दगड तराजूत घातले. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला: ज्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेखले गेले त्याचा निर्देशांक वीस. एकच आकडा, समजायला सोपा, मुलाखतीच्या टेबलावर ठेवायला सोयीचा. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात पदोन्नतीसाठी गुणांचे तक्ते भरावे लागत. एका तक्त्यात मी निबंधांची संख्या लिहिली. समोरच्या गृहस्थांनी शीर्षके न वाचता बेरीज तपासली, आणि ती चुकली होती म्हणून अर्ज परत केला. बेरीज खरोखरच चुकली होती.

या तराजूत सेंद्रिय रसायनतज्ज्ञ कसा तोलला जातो? जगात सर्वाधिक उल्लेख मिळालेला निबंध कोणता, तर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, प्रथिनाचे प्रमाण कसे मोजायचे ते सांगणारा. तीन लाखांहून जास्त उल्लेख. ही कृती आहे, रोज लागणारी. रोज लागते म्हणून रोज उल्लेख. सेंद्रिय रसायनातही ज्याने नवी अभिक्रिया, नवा उत्प्रेरक दिला त्याच्या खात्यावर भराभर जमा होते, कारण ती कृती दुसरा रसायनतज्ज्ञ वापरतो आणि तो संदर्भ देण्याच्या बाबतीत काटेकोर असतो. वनस्पतीतून रेणू काढणारा मात्र एक वस्तू देतो. वस्तू वापरणारा दुसऱ्याच विषयातला. त्यातून तो कंपनीत असेल तर आणखी अडचण: पेटंट होईपर्यंत तोंडाला कुलूप, आणि पेटंटांचे उल्लेख या हिशेबात धरत नाहीत.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराचे निदान करून ठेवले आहे. एखादा शोध सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडतो की त्याचा कर्ता सांगण्याची कुणाला गरज वाटत नाही, आणि मग कर्ता पुसला जातो. हिशेब करताना शून्य लिहिले म्हणून आपण कुठे ब्रह्मगुप्ताचा संदर्भ देतो? पुसले जाणे हा एका अर्थी सर्वोच्च मान. पण तो मान मिळालेल्याच्या पदोन्नतीच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो.

अभिक्रियेला नाव मिळाले तरी प्रश्न सुटतोच असे नाही. माटुंग्याच्या आपल्या यूडीसीटीचे, आताच्या आयसीटीचे, पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन. त्यांच्या नावाची बेकर-वेंकटरामन पुनर्रचना जगभरच्या विद्यार्थ्यांच्या वहीत असते, मूळ निबंध बहुतेकांनी उघडलेला नसतो. उघडला तर दिसेल की १९३४ च्या त्या निबंधावर आणखी एक नाव आहे, महाल यांचे. ते अभिक्रियेच्या नावात शिरले नाही. परीक्षेत 'महाल' लिहिले असते तर मीच गुण कापले असते, हे कबूल करते.

पश्चिम उपनगरांतही अशीच एक गोष्ट घडली, पण तिचा शेवट मुलुंडपेक्षा कडू आहे. गोरेगावला १९६३ मध्ये सिबा या स्विस कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे संचालक टी. आर. गोविंदाचारी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेला हा माणूस म्हणजे वनस्पतींतल्या अल्कलॉइडांचा जाणकार. भटनागर पुरस्कार त्यांना १९६० मध्येच मिळाला होता. खासगी कंपनीच्या छताखाली त्यांनी विद्यापीठाला शोभेल असे मूलभूत काम केले आणि ते छापलेही. १९७२ मध्ये त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. झाडाचे मराठी नाव नरक्या. वास घाण, म्हणून ते नाव. त्या झाडात त्यांना कॅम्प्टोथेसिन सापडले.

कॅम्प्टोथेसिन मूळचे चिनी झाडातले. अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये ते शोधले, आणि त्याचा कर्करोगावरचा गुणही. अडचण अशी की चिनी झाडात ते फार थोडे असते. नरक्यात ते त्याच्या कितीतरी पट. गोरेगावच्या निबंधाने हे जगाला सांगितले. १९९६ मध्ये कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही दोन औषधे अमेरिकेत मान्य झाली आणि मागणी वाढली. मग कोकण, कोयना, महाबळेश्वरच्या जंगलांत नरक्यावर कुऱ्हाड चालू लागली. चोरट्या तोडीच्या, पकडलेल्या ट्रकांच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत आपण वाचल्या आहेत. फांद्या-मुळांचे तुकडे किलोच्या भावाने विकणाऱ्याला गोविंदाचारी ठाऊक नव्हते. पण त्या निबंधाचा सर्वांत मोठा 'वापर' त्यानेच केला, कुठल्याही संदर्भयादीत नोंद न होता. दोष गोविंदाचारींचा नाही. एवढेच की एखाद्या रसायनतज्ज्ञाच्या कामाचा परिणाम मोजायचा झाला, तर ग्रंथालयाबरोबर जंगलातही जावे लागते, आणि तिथे मोजदाद बुंध्यांची होते.

पुन्हा मुलुंडकडे येते. फोर्सकोलिनचा रेणू प्रयोगशाळेत शून्यापासून उभा करणे हे ऐंशीच्या दशकात रसायनशास्त्रातले गिर्यारोहण होऊन बसले. येल विद्यापीठातील झिगलर १९८७ मध्ये पोचले, जपानी गट आणि हार्वर्डचे ई. जे. कोरी १९८८ मध्ये. कोरी यांना दोन वर्षांनी नोबेल मिळाले, अर्थात त्यांच्या एकंदर कामासाठी. या निबंधांत मात्र मुलुंडचा संदर्भ अगदी पहिल्या काही क्रमांकांत असतो. शिखर चढणारा आधी ते कुणी पाहिले ते सांगतो. आमच्या जातीत ही रीत अजून पाळतात, म्हणून थोडा अभिमान वाटतो.

आणि मुलुंड एका रेणूवर थांबले नाही. पश्चिम घाटातल्या एका झाडातून रोहितुकिन नावाचा पदार्थ काढून, त्याची रचना आणि संश्लेषण सांगणारा निबंध १९८८ मध्ये तिथूनच आला. त्याही निबंधावर भट आणि डिसूझा यांची नावे आहेत. रोहितुकिनवरून बेतलेला फ्लाव्होपिरिडॉल हा पेशीविभाजनाचे घड्याळ थांबवणाऱ्या औषधांपैकी माणसावर चाचणी झालेला पहिला रेणू. आज त्या वर्गातली औषधे स्तनाच्या कर्करोगावर सर्रास दिली जातात. ती औषधे फ्लाव्होपिरिडॉलची मुले नव्हेत, पण वाट पहिल्यांदा तुडवली गेली ती मुलुंडहून निघालेल्या पावलांनी.

सुजाता भट पुढे पवईला आयआयटीत प्राध्यापक झाल्या. नैसर्गिक पदार्थांच्या रसायनावरचे त्यांचे, नागसंपगी आणि शिवकुमार यांच्याबरोबर लिहिलेले पुस्तक माझ्या कपाटात आहे. त्याचे कव्हर विद्यार्थ्यांनी फाडून नेले, मजकूर शिल्लक आहे. पाठ्यपुस्तकाचा हिशेबही असाच: ज्यांनी त्यावरून अभ्यास केला ते उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि उत्तरपत्रिका रद्दीत जाते. संशोधन केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामलकडे गेले. आग्रा रोडवरच्या किती कारखान्यांच्या जागी आता मॉल आणि मनोरे उभे आहेत, ते तुम्ही मला सांगा.

शेवटी एक छोटी हकिकत सांगते आणि थांबते. माझी एक जुनी विद्यार्थिनी, बोरिवलीची, मेंदूच्या पेशींवर पीएचडी करत होती. तीन वर्षे तिच्या फ्रीजरमध्ये, उणे वीस अंशांवर, फोर्सकोलिनची बाटली होती. मी विचारले, हे कुठे सापडले माहीत आहे? ती म्हणाली, "जर्मनीत ना, मॅडम?" मी म्हटले, मुलुंडला. ती हसली, तिला वाटले मी गंमत करते आहे. म्हणून मी तिला त्या चार पानांची झेरॉक्स दिली. शीर्षकाखाली पाच नावे आहेत आणि नावांखाली पत्ता: मुलुंड, मुंबई ४०० ०८०. तिने तो पिनकोड दोनदा वाचला, मग म्हणाली, "हा तर माझ्या मावशीचा."

तिच्या प्रबंधात त्या निबंधाचा संदर्भ आहे. मोठे निर्देशांक प्रबंधांतले उल्लेख धरत नाहीत, हे मी तिला सांगितले होते. तिने तरी लिहिला, आणि व्हायवाला येताना मावशीकडून गरमरच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. बाहेरच्या परीक्षकांनी दोन वेळा मागून घेतले.